व्हिडिओ घरोघरी, शिक्षण कुणापर्यंत?

मार्च २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने ‘सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स’ हा आपला अभ्यासक्रम इंटरनेटवरून जगात कुणालाही फुकट खुला केला. आयआयटी मद्रासमधून शिकून गेलेले अनंत अग्रवाल त्याचे प्रमुख शिक्षक होते. १,५४,७६३ जणांनी नाव नोंदवले. चौदा आठवड्यांनी प्रमाणपत्र मिळाले ते ७,१५७ जणांना. टीकाकार म्हणाले, शंभरात पाचसुद्धा टिकले नाहीत. समर्थक म्हणाले, सात हजार विद्यार्थी एका प्राध्यापकाच्या हाताखालून उभ्या कारकिर्दीत जात नाहीत. दोघांचेही गणित बरोबर होते.

या दोन आकड्यांच्या मधले आकडे मात्र फारसे कुणी सांगितले नाहीत. पहिला प्रश्नसंच निदान उघडून पाहणारे ६९,२२१ होते आणि त्यात किमान एक गुण मिळवणारे २६,३४९. म्हणजे मोठी गळती अभ्यास अवघड गेल्यामुळे झालेली नव्हती. ती अभ्यासाला बसण्यापूर्वीच झाली होती. ज्यांनी खरोखर कागद-पेन्सिल हातात घेतली, त्यांच्यातले शंभरातले सत्तावीस शेवटपर्यंत पोचले. इतक्या अवघड विषयात, फुकटात, कुणी विचारणारे नसताना हे प्रमाण वाईट म्हणता येणार नाही.

ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या प्लॅटफॉर्मबद्दल गेल्या दशकभरात जे कळले, त्याचे बीज या सुरुवातीच्याच अनुभवात होते. विषय पोचवण्याचे काम हे प्लॅटफॉर्म उत्तम करतात. शिकणाऱ्याला बसते करणे, अडल्यावर हात देणे आणि त्याने मिळवलेल्या ज्ञानाला कुणीतरी किंमत देणे, ही तीन कामे त्यांना एकट्याने जमत नाहीत. ती करणारे कुणी जोडीला असले की हेच प्लॅटफॉर्म चांगले चालतात. नसले की ज्याला आधीपासून शिकता येते, तोच पुढे जातो.

लाट आली आणि ओसरली

घरी बसून शिकण्याची सोय काही इंटरनेटने आणलेली नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून छापील पुस्तके आणि गावोगावची अभ्यासकेंद्रे यांच्या बळावर नोकरदारांना, गृहिणींना, शिक्षण अर्धवट सुटलेल्यांना पदवीपर्यंत नेत आले आहे. सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्या एनपीटीईएल प्रकल्पानेही अभियांत्रिकीची व्याख्याने २००३ नंतर मोफत उपलब्ध करायला सुरुवात केली होती. त्या वेळी अमेरिकेतल्या नंतरच्या बड्या कंपन्यांचा जन्मही झाला नव्हता.

इंटरनेटवरून कुणालाही खुल्या असलेल्या अशा अभ्यासक्रमांसाठी ‘मूक’ (एमओओसी) हे नाव २००८ मध्ये कॅनडात पुढे आले. त्याचा गाजावाजा मात्र २०११ च्या शरदऋतूत स्टॅनफर्डच्या सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्व्हिग यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमाला सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नाव नोंदवले तेव्हा सुरू झाला. लगोलग २०१२ मध्ये थ्रन यांची युडॅसिटी, अँड्र्यू एनजी आणि डॅफ्नी कोलर यांची कोर्सेरा आणि हार्वर्ड-एमआयटीची एडएक्स अशा तीन संस्था उभ्या राहिल्या. विद्यापीठांचे दिवस भरले, अशी भाकिते होऊ लागली.

पहिला दणका लगेच बसला. २०१३ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाने युडॅसिटीबरोबर पायाभूत गणित, बीजगणित आणि संख्याशास्त्र यांचे अभ्यासक्रम चालवून पाहिले. उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या वर्गांपेक्षा बरेच खाली आले आणि जुलैमध्ये प्रयोग थांबवावा लागला. उन्हाळ्यातल्या तुकडीचे निकाल सुधारले होते, पण त्या तुकडीत आधीच पदवी घेतलेल्यांचा भरणा होता. अभ्यासक्रम जवळपास तोच, शिकणारे बदलले आणि निकाल बदलला. त्यानंतर युडॅसिटीने विद्यापीठीय शिक्षणाचा नाद सोडून कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाकडे मोर्चा वळवला.

जमेच्या बाजू

पहिली जमेची बाजू म्हणजे शिक्षक. आपल्या राज्यातल्या कितीतरी महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत आणि तास कसेबसे तासिका तत्त्वावर भागवले जातात. एखादा नवा किंवा आडवाटेचा विषय शिकवणारे कुणी नसतेच. अशा ठिकाणच्या मुलीला त्या विषयातल्या जाणकाराचे व्याख्यान ऐकता येते, ही गोष्ट लहान नाही. त्याच महाविद्यालयातले तरुण अध्यापकही हीच व्याख्याने आधी स्वतः ऐकतात आणि मग वर्गात शिकवतात.

दुसरी बाजू वेग. वर्गात सरांना तीनदा ‘पुन्हा सांगा’ म्हणायला धीर लागतो. व्हिडिओ दहा वेळा मागे नेला तरी कुणी हसत नाही. ज्याला येते तो दीडपट वेगाने ऐकतो, ज्याला येत नाही तो थांबवून वहीत लिहितो. नोकरी, शेती किंवा लहान मूल सांभाळून शिकणाऱ्याला तर रात्री अकरानंतरचा मोकळा तास हाच एकमेव वर्ग असतो.

तिसरी बाजू शिकवण्याच्या पद्धतीची आहे आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. लाखो लोक कुठे थांबतात, कुठे मागे जातात, कुठे सोडून देतात, याची नोंद वर्गात कधीच मिळत नव्हती. ती इथे मिळते. एडएक्सवरील ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंची नोंद तपासून २०१४ मध्ये संशोधकांनी दाखवले, की व्हिडिओ कितीही लांब असला तरी माणूस मन लावून पाहतो तो साधारण सहा मिनिटे. पुढच्याच वर्षी कार्नेगी मेलनच्या केनेथ कोडिंजर यांच्या गटाने मानसशास्त्राच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचा अभ्यास करून मांडले, की व्हिडिओ पाहण्यापेक्षा किंवा वाचण्यापेक्षा सराव-प्रश्न सोडवण्याचा शिकण्याशी असलेला संबंध सुमारे सहा पट अधिक आहे. तासभराचे व्याख्यान कॅमेऱ्यासमोर जसेच्या तसे देऊन टाकणारे अभ्यासक्रम का कंटाळवाणे होतात आणि दर पाच-सहा मिनिटांनी एक प्रश्न टाकणारे का टिकतात, याचे उत्तर इथे आहे.

हे तत्त्व आपल्याकडे फार साध्या रूपात आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात पाहायला मिळते. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी उभारलेल्या या प्रकल्पात पायथन, लिब्रेऑफिस, सायलॅब असली मुक्त सॉफ्टवेअर सुमारे दहा मिनिटांच्या ध्वनिचित्रफितींतून शिकवतात. स्क्रीनच्या एका भागात व्हिडिओ आणि दुसऱ्या भागात खरे सॉफ्टवेअर उघडून ठेवायचे. फितीतला आवाज एक पायरी सांगतो; फीत थांबवायची, तीच पायरी आपल्या हाताने करायची, चुकले तर मागे जायचे, जमले तर पुढे. आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळतो, पण स्क्रीनवरचे शब्द इंग्रजीच ठेवलेले असतात, कारण उद्या नोकरीच्या ठिकाणी समोर येणारे सॉफ्टवेअर इंग्रजीतच असणार. समजून घ्यायचे आपल्या भाषेत आणि काम करायचे बाजाराच्या भाषेत, ही तडजोड कुणी विचार करून केलेली आहे, हे लगेच जाणवते.

चौथी बाजू पैशांची. जॉर्जिया टेकने २०१४ मध्ये संगणकशास्त्राची पूर्ण ऑनलाइन पदव्युत्तर पदवी सुमारे सात हजार डॉलरांत सुरू केली. कॅम्पसवर तीच पदवी कितीतरी महाग पडते. या पदवीमुळे इतर विद्यापीठांचे विद्यार्थी पळतील, अशी भीती होती. जोशुआ गुडमन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात वेगळेच दिसले. प्रवेशाच्या सीमारेषेवर ज्यांना ही संधी नाकारली गेली, त्यातले बहुतेक दुसरीकडे कुठेही शिकायला गेले नाहीत. म्हणजे ऑनलाइन पदवीने कुणाची जागा घेतली नाही. जे एरवी शिकलेच नसते, त्यांना शिकवले.

उणे बाजू

आता दुसरी बाजू. जस्टिन राइच आणि होसे रुइपेरेझ-व्हॅलिएंते यांनी २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एमआयटी आणि हार्वर्डच्या एडएक्सवरील सहा वर्षांच्या अभ्यासक्रमांचा हिशेब मांडला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक अभ्यासक्रमाच्या पानात एकदाही शिरलेले नव्हते. २०१७-१८ मध्ये अभ्यासक्रम पूर्ण करणारे जेमतेम तीन टक्के होते. पहिल्या वर्षी आलेले बहुतेक जण पुढच्या वर्षी फिरकले नाहीत. शिकणारे प्रामुख्याने श्रीमंत आणि विकसित देशांतले होते. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत मात्र पूर्ण करण्याचे प्रमाण ४६ टक्के होते. पैसे भरले की माणूस शिकतो, असा त्याचा सरळ अर्थ लावणे घाईचे ठरेल. ज्याचा निर्धार पक्का असतो, तोच पैसे भरतो, हेही तितकेच खरे.

निर्धार बाहेरून घालता येतो का, हेही तपासून झाले आहे. ‘रोज कधी अभ्यास कराल ते लिहून ठेवा’ अशा छोट्या सूचनांनी टिकून राहण्याचे प्रमाण वाढते, असे सुरुवातीच्या प्रयोगांत दिसले होते. तोच प्रयोग सुमारे अडीचशे अभ्यासक्रमांत आणि अडीच लाख विद्यार्थ्यांवर केला, तेव्हा २०२० मध्ये निष्कर्ष निघाला की परिणाम अगदीच किरकोळ आहे आणि पहिल्या काही आठवड्यांतच विरून जातो. ईमेल पाठवून शिस्त लागत नाही.

सगळ्यांत अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे तोटा सर्वांना सारखा होत नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांवरील अभ्यासात डी शू आणि शॅना जॅगर्स यांना आढळले, की वर्गातून ऑनलाइनकडे गेल्यावर सगळ्यांचीच कामगिरी घसरते, पण आधीच कमी गुण असलेल्या, वयाने लहान आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची जास्त घसरते. ज्यांना आधाराची गरज अधिक, त्यांच्यासाठीच हे माध्यम कमी आधाराचे.

आपल्याकडे ही दरी फोनपासूनच सुरू होते. घरात स्मार्टफोन असणे आणि तो आपल्या हातात असणे यांत फरक आहे. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटातल्या मुलामुलींची ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२३ च्या पाहणीत विचारपूस झाली, तेव्हा बहुतेक घरांत स्मार्टफोन सापडला, पण फोन वापरता येणाऱ्यांमध्ये स्वतःचा फोन असण्याचे प्रमाण मुलींपेक्षा मुलांत दुपटीहून अधिक होते. भावाची रील पाहून संपेपर्यंत बहिणीचा अभ्यास थांबणार असेल, तर ‘कधीही शिका’ या जाहिरातीतला ‘कधीही’ तिच्या वाट्याला येत नाही.

भाषा हा दुसरा उंबरठा. एनपीटीईएलच्या काही अभ्यासक्रमांचे लिखित पाठ आता मराठीसह भारतीय भाषांत आहेत आणि यंत्राने केलेले भाषांतर दिवसेंदिवस सुधारत आहे. तरीही चर्चा, शंका, परीक्षा आणि पुढचे वाचन इंग्रजीतच राहते. आठवीच्या विज्ञानापर्यंत मराठीत भरपूर सामग्री मिळते. पदवीच्या संख्याशास्त्राला ती जवळजवळ मिळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी धरणे, लेथवर काम करणे, रुग्णाची नाडी पाहणे असल्या हाताने शिकायच्या गोष्टी तर कुठल्याच भाषेत स्क्रीनवरून येत नाहीत.

शेवटी, फुकट हे कायम फुकट राहत नाही. हार्वर्ड आणि एमआयटीने ना-नफा म्हणून उभारलेली एडएक्स २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरांना टू-यू या कंपनीला विकली गेली आणि २०२४ मध्ये टू-यूने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. युडॅसिटी त्याच वर्षी ॲक्सेंचरने घेतली. आपल्याकडे २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर मूल्यांकन असलेली बायजूज दोनच वर्षांत दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. या प्रत्येकाची कारणे वेगळी आहेत. पण महाविद्यालयाने आपला अभ्यासक्रम एखाद्या कंपनीच्या भरवशावर उभा करावा का, याचा विचार करताना हा इतिहास डोळ्यांसमोर असायला हवा.

जिथे जमले तिथे काय होते?

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातले सर्वांत ओळखीचे उदाहरण एमएस-सीआयटीचे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलने संगणक साक्षरतेचा हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्याच्या केंद्रांतून चालवला. धडे संगणकावर होते, परीक्षाही संगणकावर होती. पण विद्यार्थी ठरलेल्या वेळी केंद्रावर जात होता, शेजारी बॅचमधली चार मुले होती, माउस धरता येईना तर दाखवायला प्रशिक्षक होता आणि सरकारी नोकरीसाठी त्या प्रमाणपत्राची गरज होती. लाखो लोकांनी तो पूर्ण केला. त्यातून किती कौशल्य आले, हा वादाचा विषय असू शकतो. पण लोकांना शेवटपर्यंत नेण्याचे कोडे त्याने सोडवले होते, आणि तेही मोठमोठ्या कंपन्यांच्या आधी.

आयआयटी मद्रासची २०२० मध्ये सुरू झालेली डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी दुसऱ्या टोकाला उभी आहे. इथे प्रवेशाचे दार उघडे आहे, पण आधी चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यावी लागते. ज्याला हे झेपणार नाही, त्याला ते महिनाभरात कळते. धडे घरी, परीक्षा मात्र आपल्या शहरातल्या केंद्रावर प्रत्यक्ष बसून.

मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे, एमएस-सीआयटीची केंद्रे, जॉर्जिया टेकची पदवी, आयआयटी मद्रासचा प्रयोग, सगळीकडे वेगवेगळ्या रूपात तीच तीन कामे कुणीतरी अंगावर घेतलेली दिसतात: वेळेचे बंधन, अडल्यावर माणूस आणि बाहेर मान्य असलेले प्रमाणपत्र.

बंधन आले की पळवाटही येते

इथपर्यंत आल्यावर उपाय सोपा वाटू लागतो: ऑनलाइन अभ्यासक्रम पदवीला जोडा. सरकारने तेच केले. ९ जुलै २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘स्वयम्’ हा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा सरकारी प्लॅटफॉर्म सुरू झाला. त्याआधी २०१६ च्या नियमांनी विद्यापीठांना २० टक्के क्रेडिट या अभ्यासक्रमांतून घेण्याची मुभा दिली होती. २०२१ मध्ये ती मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत वाढली.

पण जोडणी झाली की शिकणारा क्रेडिटसाठी येऊ लागतो आणि क्रेडिटला जवळचा रस्ता शोधतो. ‘स्वयम्’वर चालणाऱ्या एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमांचीच रचना पाहा. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याला एक असाइनमेंट असते. त्यातल्या उत्तम आठांची सरासरी धरून २५ गुण. केंद्रावर पर्यवेक्षकांसमोर होणाऱ्या परीक्षेला ७५. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० हवेत. नाव नोंदवणे फुकट, परीक्षेचे शुल्क सुमारे हजार रुपये. महाविद्यालयात ‘स्पॉक’ नावाचे समन्वयक सर असतात आणि डेडलाइन जवळ आली की ग्रुपवर ‘सबमिट करा’ असा त्यांचा मेसेज येतो. त्याच संध्याकाळी यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर त्या आठवड्याची उत्तरेही हजर असतात. व्हिडिओ न उघडता पाच मिनिटांत गोळे भरून काम संपते.

असे करून २५ पैकी २५ मिळवणाऱ्यालाही परीक्षेत ४० टक्के मिळवावेच लागतात. हॉलमधले ७५ गुण आहेत, म्हणून या प्रमाणपत्राला आजही थोडीफार पत आहे. जिथे सगळे मूल्यमापन घरूनच होते, तिथे पत टिकणे कठीण. एमआयटी-हार्वर्डच्या अभ्यासक्रमांतही एक माणूस दोन खाती काढून एकात उत्तरे उघडी करतो आणि दुसऱ्यात भरतो, हे संशोधकांनी २०१५ मध्येच पकडले होते. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून दुसऱ्या खात्याचीही गरज उरलेली नाही. बहुपर्यायी प्रश्न, निबंध, छोटा प्रोग्राम, यांतले काहीही घरी केल्याचा पुरावा आता पुरावा राहिलेला नाही. तीच यंत्रे रात्री अकराला अडलेल्या विद्यार्थ्याला समजावूनही सांगतात, हे खरे. पण ज्याला प्रश्न विचारावासा वाटतो, त्यालाच ती उपयोगी पडतात, आणि तसा विद्यार्थी या प्लॅटफॉर्मवर आधीही तरलेलाच होता.

दुसरा धोका महाविद्यालयांकडून आहे. ४० टक्के क्रेडिट बाहेरून येऊ शकतात म्हटल्यावर रिकाम्या जागा भरण्याची निकड कमी होते. प्राध्यापक नाही, तर मुलांना ‘स्वयम्’ची लिंक द्या. कागदावर विषय शिकवला गेला, पैसे वाचले. ज्या महाविद्यालयात शंका विचारायला माणूसच नाही, तिथेच ऑनलाइन अभ्यासक्रम सर्वाधिक लादला जाण्याची शक्यता आहे, आणि शू-जॅगर्स यांनी दाखवल्याप्रमाणे तिथलेच विद्यार्थी त्यात सर्वाधिक मागे पडतात.

मग करायचे काय?

स्वतःच्या हौसेने किंवा नोकरीतल्या गरजेसाठी शिकणाऱ्या पदवीधराला हे प्लॅटफॉर्म आजही मोठी पर्वणी आहेत. त्याने अभ्यासक्रम निवडताना विद्यापीठाच्या नावाआधी आत सराव-प्रश्न किती आहेत आणि हाताने करायचे काम किती आहे ते पाहावे. एका वेळी एकच अभ्यासक्रम धरावा आणि बरोबर शिकणारा एखादा सोबती शोधावा. पूर्ण केला नाही तरी बिघडत नाही; सहाव्या आठवड्यापर्यंत हवे ते मिळाले, तर तेही शिक्षणच आहे.

बारावीनंतरच्या, इंग्रजी कच्चे असलेल्या, घरात एकच फोन असलेल्या मुलामुलींसाठी हिशेब वेगळा आहे. त्यांना लिंक देणे म्हणजे सोय करणे नव्हे. महाविद्यालयाने आठवड्यातले दोन तास वेळापत्रकात राखून संगणक-कक्ष उघडा ठेवावा, व्हिडिओ तिथे एकत्र पाहावा आणि शंका सोडवायला मराठीत बोलणारा अध्यापक बसवावा. त्या अध्यापकाचे तास अध्यापनाचे तास म्हणूनच मोजले जावेत. आज ते बहुधा ‘समन्वयाचे जास्तीचे काम’ म्हणून कुणाच्या तरी गळ्यात मारले जाते. गुण हॉलमधल्या परीक्षेवर आणि तोंडी प्रश्नांवर ठेवावेत, असाइनमेंटला फक्त सरावाचे स्थान द्यावे.

यातली एकही गोष्ट तंत्रज्ञानाची नाही आणि म्हणूनच ती निविदेत दिसत नाही. व्हिडिओ एकदाच तयार करावा लागतो आणि तो लाखांना पुरतो; खोली, वेळ आणि माणूस यांचा खर्च दर वर्षी, दर तुकडीला नव्याने करावा लागतो. ऑनलाइन शिक्षण स्वस्त आहे असे म्हणणारे पहिल्या खर्चाबद्दल बोलत असतात. दुसरा खर्च करण्याची तयारी नसेल, तर त्या धोरणाला शिक्षणाचा विस्तार म्हणू नये. ती शिक्षणातली काटकसर आहे, आणि तिचा भार ज्यांना तो सर्वांत कमी पेलतो त्यांच्यावर पडतो.